चिंच खाल्लेला वाघ

परवा नातीच्या वाढदिवसाला कोणीतरी तिला अठ्ठेचाळीस रंगांची पेटी दिली. त्यात हिरव्याचेच सात प्रकार होते. मी त्या पेटीवर अशी तुटून पडले की नात रडकुंडीला आली आणि सुनेने चहाचं निमित्त काढून मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं. माझं हे असंच आहे. रंग दिसला की मला वयाचं भान राहत नाही, आणि आजूबाजूला दोन लहान पोरं असली तर मग विचारूच नका. जुन्या वर्तमानपत्रांचे मुखवटे, काड्यापेट्यांची आगगाडी, बटणांचं कासव, असले बेत डोक्यात एकावर एक उड्या मारायला लागतात.

पण खरं सांगायचं तर माझं सगळ्यात आवडतं रंगसाहित्य कुठल्याच दुकानात मिळत नाही. पहिला नंबर बांबूच्या पेराचा. बांबू गाठीच्या खाली कापला की आयता पेला तयार. त्यात रंग कालवायचा आणि जमिनीत टाचेनं खळगा करून तो पेला रोवायचा, म्हणजे कलंडत नाही. दुसरा नंबर पळसाच्या मुळीच्या कुंच्याचा. मुळी भिजवून दगडानं ठेचली की टोकाला असा झुपका सुटतो की बघत राहावं. आमच्याकडे घरं चुन्यानं पोतायला हाच कुंचा. बारीक कामाला शिंदीची काडी, तीही तशीच ठेचलेली. आणि तिसरा नंबर धावड्याच्या डिंकाचा. हा पाण्यात विरघळवून रंगात घातला की रंग वाळल्यावर बोटाला लागत नाही. अर्धा डिंक पोरं खाऊन टाकतात, म्हणून नेहमी दुप्पट आणायचा.

ही विद्या मला कोणी कॉलेजात शिकवली नाही. ती मला ज्या पोरांनी शिकवली त्यांची आणि एका वाघाची ही गोष्ट आहे. त्या वाघापायी माझं नाक कापलं जायची वेळ आली होती.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून नुकताच वेगळा झाला होता आणि मी डी.एड. होऊन नुकतीच बावीस वर्षांची झाले होते. पहिलीच नेमणूक मिळाली ती मूल या तालुक्याच्या गावापुढे, डांबरी सडकेवरून आत जंगलात गेलेल्या एका धानाच्या गावात. दोन खोल्यांची शाळा, चौथीपर्यंतची चाळीसेक पोरं, आणि आम्ही दोन शिक्षक. दिवसाला एक एसटी, तीही तिच्या मनात आलं तर. मी चंद्रपूरची, कोळसा खाणीतल्या कामगाराची मुलगी. पाचवीत पहिली आले तेव्हा बाबांनी मला बारा वड्यांची रंगपेटी आणि सहा नंबरचा ब्रश आणून दिला होता. तेव्हापासून आमच्या वस्तीत चौदा एप्रिलच्या मिरवणुकीचे फलक मीच रंगवायची. त्यामुळे आपण फार मोठे कलावंत आहोत याबद्दल माझी खात्री होती. बाकी कोणाची असो नसो.

दुसरे शिक्षक म्हणजे मुख्याध्यापक. गाव त्यांना गुरुजी म्हणायचं, मीही गुरुजीच म्हणायची. पन्नाशीचे, उंच, आवाज असा की पहिलीतल्या पोराला दटावलं तर धानाच्या बांधीतले बगळे उडायचे. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या जंगलमुलखात, धान घरात आलं की गावोगावी नाटकांचा मोसम सुरू होतो. त्या नाटकांत तरुणपणी गुरुजी खलनायक करायचे. आता नाटक सुटलं होतं, पण हसणं मात्र खलनायकाचंच राहिलं होतं. म्हणजे ते हसलेच तर. मी तिथे आल्यापासून ते एकदाही हसले नव्हते.

आमची ठिणगी उडाली ती शनिवारच्या तासावरून. शनिवारी सकाळची शाळा. शेवटचा तास मी कोणालाही न विचारता चित्रकलेचा करून टाकला होता. दोन्ही खोल्यांतली पोरं पटांगणात कडुनिंबाखाली जमायची आणि आम्ही धुडगूस घालायचो. माझ्या बारा वड्या पहिल्याच शनिवारी चाळीस बोटांत विरघळून गेल्या. मी हळहळले, तर चौथीतली एक पोरगी म्हणाली, "रंग तं पडूनच हायेत बाई, जंगलात." आणि दुसऱ्या शनिवारी त्यांनी मला बांबूची पेरं, मुळीचे कुंचे, गेरू, काजळी, डिंक असं सगळं आणून दिलं. मी बाई, पण त्या तासाला शिकणारी मीच. इतकी मजा मला आयुष्यात आली नव्हती. घरी आईला पत्र लिहिलं त्यात पगाराबद्दल एक ओळ आणि शिंदीच्या काडीबद्दल दोन पानं होती.

एका गोष्टीचं मात्र वाईट वाटायचं. पोरं मला वस्तू आणून द्यायची, पण त्या एका वाक्यानंतर माझ्यासमोर बोलायची नाहीत. मी काही विचारलं की "हाव जी." मी काही सांगितलं की "हाव जी." मी एकदा मुद्दाम म्हटलं, "कावळा पांढरा असतो ना?" सगळी एका सुरात म्हणाली, "हाव जी!" बाई शिकलेली, बाई चंद्रपूरची, तेव्हा बाई म्हणेल ते खरं. मला वाटायचं, लाजरी आहेत. होईल सवय.

डिसेंबरात गुरुजींनी मला बोलावलं. "पोट्टे तेराच्या पाढ्यात अडकून राह्यले, अन् तुमी त्यांच्याकडून मोर काढून राह्यल्या. शनिवारचा तो तास आता पाढ्यांले."

माझा पारा चढला. चढला की माझी जीभ माझी राहत नाही. त्याच सुमारास सव्वीस जानेवारीच्या संमेलनाची तयारी चालली होती. पोरांचं एक लहानसं नाटक होतं, जंगलातल्या वाघाचं, आणि त्यासाठी गुरुजी वडसा गावच्या एका नाटक मंडळीकडून ओळखीनं जुना पडदा आणणार होते. पडद्यावर राजवाडा, कारंजं आणि दोन हंस. मी म्हटलं, "जंगलातला वाघ राजवाड्यात काय करून राह्यला गुरुजी? पडदा आमची पोरं रंगवतील. याच तासाला."

गुरुजींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. नाटकाचा पडदा ही त्यांच्या लेखी चेष्टेची गोष्ट नव्हती. "पडदा? पोट्टे?"

"पोट्टे. अन् वाघासकट."

"ठीक आहे," ते म्हणाले. "सव्वीस तारखेले पडदा टांगा. लोकं पाहून हसले नाई, तं तास तुमचा. हसले, तं पाढ्यांचा. मंग माह्याजवळ रडत यायचं नाई."

मी मोठ्या तोऱ्यात हो म्हणून बाहेर आले आणि कडुनिंबाखाली येईपर्यंत सगळा तोरा उतरला. पण पोरांना सांगितलं तेव्हा त्यांनी जी आरोळी ठोकली, ती ऐकून मी भीती विसरले. पडदा! आपला! पहिलीतला एक जण आनंदाने कोलांटउडी मारून सरळ रंगाच्या पेरांवर पडला.

पडद्याला कापड कुठून आणायचं? तिसरीतल्या एका पोरीचे वडील मूलच्या राइस मिलमध्ये हमाल होते. त्यांनी फाटक्या पोत्यांचा बारदाना सायकलवर बांधून आणला. गावातल्या बायांनी शाळेच्या ओट्यावर बसून दाभणानं पोती उसवली आणि एकमेकींना जोडून शिवली. हसत खिदळत, माझ्या लग्नाच्या चौकशा करत. त्यावर भाताच्या पेजेत कालवलेल्या चुन्याचे दोन हात दिले. पडदा पांढरा झाला, फक्त आभाळाच्या जागी मिलचा शिक्का उलटा दिसत राहिला. पेजेच्या वासानं बकऱ्या यायच्या आणि खालचा काठ चाटायच्या, म्हणून एक पोरगी कायम काठी घेऊन राखणीला.

मग आमचा बेत. पाटीवर आधी सगळं आखलं. डावीकडे मोहाचं झाड, उजवीकडे बांबूचं बेट, मागे डोंगर, खाली बोडी म्हणजे तळं, वर सूर्य. मध्ये वाघ. प्रत्येकाला वाघच रंगवायचा होता. त्यावरून दोन मारामाऱ्या झाल्या. शेवटी मी ठरवलं, वाघ सगळ्यात शेवटी, आणि त्याला प्रत्येकाचा एक एक हात लागणार. जानेवारीभर शाळा सुटली की आम्ही पडद्याला भिडायचो. बोडीला नीळ, डोंगराला गेरू, झाडांना शेंगांच्या वेलीची पानं चुरगळून काढलेला हिरवा. माझी नखं महिनाभर सात रंगांची होती. एसटीत बसले की बाया माझ्या हातांकडे पाहून सरकून बसायच्या. मला काय त्याचं! मी हवेत होते.

पहिलीच्या पोरांना सूर्य दिला होता. त्यांनी तो इतका मोठा केला की बाजारातून आणलेली पिवडीची सगळी पुडी त्यातच संपली. फुलांतून पिवळा काढावा, तर पळस अजून फुलायचा होता. आणि चोवीस तारीख उजाडली, तेव्हा वाघाला लावायला पिवळा रंगच नव्हता.

गुरुजी पंचायत समितीच्या मीटिंगला गेलेले, पंचवीसला संध्याकाळी येणार होते. तोवर वाघ झालाच पाहिजे होता. कोळशानं काढून पुसून, काढून पुसून वाघाची जागा काळवंडली होती, म्हणून सकाळी मीच तिच्यावर चुन्याचा ताजा हात दिला होता. आणि मग माझ्या डोक्यात ती भन्नाट कल्पना आली. मी टाळ्या वाजवून सगळ्यांना गोळा केलं. "घरी जा आणि चिमूट चिमूट हळद घेऊन या. आपण हळदीचा वाघ करू!"

पोरं जागची हलली नाहीत. एकमेकांकडे पाहू लागली. चौथीतली ती पोरगी, जिने मला पहिल्यांदा जंगलातले रंग सांगितले होते, तिने तोंड उघडलं आणि परत मिटलं.

"काय झालं? हळद नाही का घरात?"

"हाव जी. आहे जी."

"मग चुन्यावर छान उठून दिसेल की नाही?"

"हाव जी," सगळी म्हणाली.

हळद आली. मी ती डिंकाच्या पाण्यात कालवली. काय सुंदर पिवळा! बांबूच्या पेरात जणू ऊन भरून ठेवलं होतं. मी पहिला कुंचा स्वतः बुडवला आणि वाघाच्या पाठीवरून ऐटीत फिरवला.

वाघ लाल झाला.

पिवळी रेघ ओढली आणि डोळ्यांदेखत ती कुंकवासारखी लालभडक झाली. मला वाटलं हळद कमी पडली. "अजून कालवा!" अजून कालवली. अजून लाल. "अजून!" ठरल्याप्रमाणे प्रत्येकाचा एक एक हात लागला, आणि चाळीस हात फिरले तेव्हा पडद्याच्या मधोमध एक टुमटुमीत लाल जनावर उभं होतं. मी तरी म्हणतेच आहे, "वाळू द्या. वाळला की पिवळा होईल." पोरं म्हणाली, "हाव जी."

तो वाळला आणि आणखी लाल झाला.

मग मी भडकले. "कोणी कुंकू मिसळलं? खरं सांगा! कोणी खोडी केली?" माझा आवाज गुरुजींच्या वर गेला असावा, कारण बगळे उडाले. पोरं खाली मान घालून उभी. शेवटी मी चौथीतल्या त्या पोरीला हाताला धरून समोर आणलं. "तू सांग. लाल काऊन झाला?"

ती हळूच म्हणाली, "हळदीले चुना लागला का लालच होते जी. माही आजी कुंकू असंच बनवते."

अहो, हे तर मला माहीत होतं! लहानपणी पाय मुरगळला की आई हळद-चुन्याचा गरम लेप लावायची, आणि तो लाल असायचा. बावीस वर्षं लाल लेप लावून घेतलेली मी, दोन वर्षं डी.एड. केलेली मी, त्या दिवशी कुंचा हातात येताच सगळं विसरले होते.

"तुला आधीपासून माहीत होतं?"

"हाव जी."

"तुम्हाला सगळ्यांना?"

"हाव जी!" चाळीस तोंडं.

"मग मला सांगितलं काऊन नाही रे कोणी?"

ती पोरगी गोंधळून म्हणाली, "तुमी बाई आहा ना जी. आमाले वाटलं, तुमाले लालच पाह्यजे."

मी कडुनिंबाच्या मुळावर बसले आणि मला रडू आलं. खोटं कशाला बोलू, ओक्साबोक्शी रडले. तासही गेला, नाकही गेलं. परवा सगळं गाव लाल वाघ पाहून पोट धरून हसणार आणि पुढच्या शनिवारपासून तेरा एके तेरा. पोरं भोवती उभी. बाई रडतात हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. काय करावं ते न कळून त्यातली एक चिमुरडी खिशातली गाभुळलेली चिंच चोखायला लागली, आणि चोखता चोखता ती वाघाजवळ गेली आणि तिने आपलं ओलं बोट त्याच्या नाकावर टेकवलं. बहुतेक त्याची समजूत काढायला.

"बाई, नाक!" कोणीतरी ओरडलं.

वाघाचं नाक पिवळं झालं होतं.

मी तशीच उठले, डोळे पुसायचंही सुचलं नाही. चिंच! चिंच लागली की लाल पुन्हा पिवळा होतो! पोरं माकडांसारखी शाळेमागच्या चिंचेवर चढली. दहा मिनिटांत बांबूची पेरं चिंचेच्या कोळानं भरली. कुंचा फिरला की पिवळा, कुंचा फिरला की पिवळा. मी आणि पोरं बेभान होऊन नाचत होतो. दुपारपर्यंत आमचा वाघ अस्सल पिवळा होऊन उभा राहिला. काजळीचे पट्टे ओढले आणि मी एकेकाच्या पाठीवर थाप मारून सगळ्यांना घरी पाठवलं.

पंचवीसला सकाळी येऊन पाहते तर वाघ पुन्हा लाल. रात्रभरात खालच्या चुन्यानं आपलं काम केलं होतं. कुठे लाल, कुठे नारिंगी. आता मात्र मी रडले नाही, कारण या वेळी पोरं बोलली. पहिल्यांदाच, सगळी आपणहून.

"त्याले राग आला बाई."

"राग आला का लाल होते थो."

"चिंच चारली का राग उतरते!"

मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि आमच्या सगळ्यांच्या डोक्यात एकच किडा एकाच वेळी वळवळला. आमचं जुनं नाटक आम्ही तिथल्या तिथे मोडीत काढलं. दिवसभर दार लावून तालीम केली. संध्याकाळी गुरुजी आले तेव्हा पडदा गुंडाळून ठेवलेला होता. "दाखवा," म्हणाले. मी म्हटलं, "उद्याच पाहा गुरुजी." ते मिशीत काहीतरी पुटपुटले. त्यात तेराचा आकडा होता असा मला संशय आला.

सव्वीसला झेंडावंदन झालं आणि दुपारी उन्हात अख्खं गाव पटांगणात जमलं. पहिल्या रांगेत खुर्चीवर गुरुजी, शेजारी सरपंच, मागे सतरंजीवर बाया, त्यांच्या मागे बांधावर म्हातारे. दोन पोरांनी दोरी ओढली आणि पडदा उलगडला. मोह, बांबू, बोडी, भला मोठा सूर्य, उलटा शिक्का, आणि मधोमध लालबुंद वाघ.

मग बांधावरून एक म्हातारा मोठ्यांदा म्हणाला, "अबे, हा वाघ व्हय का टमाटर?"

सगळं पटांगण खदखदून हसलं. गुरुजींनी हळूच मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेचा अर्थ मला लख्ख कळला. हसले. तास गेला.

तेवढ्यात चौथीतली ती पोरगी पुढे आली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "हसू नोका! वाघ लय रागात हाय. तुमी मोहफुलं वेचाले गेले अन् त्याच्या झोपेत बोंबा मारल्या. आता त्याचा राग कोन उतरवन?" दहा पोरं कुंचे घेऊन धावली. "चिंच चारा! चिंच चारा!" आणि सगळ्यांसमोर, दुपारच्या उन्हात, शेपटीपासून तोंडापर्यंत तो लाल वाघ पिवळा होत गेला.

बायांनी पदर तोंडाला लावले. एक म्हातारी उठून पडद्याजवळ आली, वाघाला बोट लावून बोट चाटलं आणि मागे वळून जाहीर केलं, "चिंचच आहे वो!" मग जो गलका उठला! "वन्स मोअर! वन्स मोअर!" झाडीपट्टीतलं पब्लिक ते. नाटकाला वन्स मोअर मिळाला नाही तर त्यांना जेवण गोड लागत नाही.

आमची तयारी होतीच. दुसऱ्या पेरांत चुन्याची निवळी होती. पोरीनं हाक दिली, "आता याले कायचा राग येईन?"

"एसटी नाई आली म्हना आज!" बांधावरून आवाज.

चुन्याचे कुंचे फिरले. वाघ लाल!

"चिंच चारा!" वाघ पिवळा!

"रानडुकरं धान खाऊन गेले म्हना!" लाल! "ग्रामसेवक महिनाभर दिसला नाई म्हना!" लाल! सरपंच खुर्चीतून उठून ओरडायला लागले. मी पडद्यामागून पेरं भरभरून देत होते आणि हसून हसून माझ्या बरगड्या दुखत होत्या. सातव्या खेपेला पेज सुटली, वाघ ओघळला, पट्टे त्याच्या पोटाखाली लोंबायला लागले आणि शेवटी सगळा वाघ हळूहळू घसरून खाली बोडीत गेला. "पाणी प्याले गेला!" पोरगी ओरडली. नाटक संपलं.

आणि त्याच वेळी मला तो आवाज ऐकू आला. हा-हा-हा-हा! नाटकातल्या खलनायकाचा, तीन गावं ऐकतील असा. गुरुजी खुर्चीतून अर्धे खाली घसरले होते आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होते.

लोक गेल्यावर मी समोर जाऊन उभी राहिले. हरले होते, तेव्हा आपणच बोलून टाकावं. "गुरुजी, लोक हसले."

"हसले."

"तुमची अट होती."

"अट होती," ते म्हणाले. चष्मा पुसून परत लावला. "पन मी बी हसलो ना. मंग मी कोनाले शिक्षा करू?" आणि जाता जाता वळून, "तेराचा पाढा मी शुक्रवारी घेतो. शनिवार तुमचा."

पुढचा शनिवार. कडुनिंबाखाली सगळी जमली. मी आपली नेहमीच्या तोऱ्यात सांगायला लागले, "आज आपण हिरवा रंग खूप साठवून ठेवू. पानं गोळा करा, मोठ्या पातेल्यात घालू आणि चांगली उकळू..."

"बाई."

मागून आवाज आला. नाकाला चिंचेचं बोट लावणारी ती चिमुरडी उभी राहिली होती. पहिलीतली. कधी "हाव जी"च्या पुढे न गेलेली.

"बाई, उकडलं का भाजी होते जी. रंग नाई होत."

मी तिला उचलून गरागरा फिरवलं. ती घाबरली, मग हसायला लागली. तिला खाली ठेवून मी विचारलं, "मग कसं करायचं?"

चाळीस पोरं एकदम बोलायला लागली, आणि मी कडुनिंबाच्या मुळावर बसून ऐकत राहिले.